हिरवळीवरचा बिंदू क

२ मे, मंगळवार

आज फील्डबुकमध्ये एक कागद सापडला.

सापडला म्हणजे हरवला होता असं नाही. माझ्याकडेच होता. मोजणी खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाकडून कागद हरवत नाही. तो योग्य जागी ठेवलेला असतो, ती जागा काही दिवस आठवत नाही, इतकंच.

कागद म्हणजे उद्यानातल्या उन्हाळी कॉन्सर्टचा फॉर्म. गाणाऱ्यांच्या घरच्यांसाठी पुढच्या पाच रांगांत प्रत्येकी तीन खुर्च्या राखीव. फॉर्म उद्यानाच्या ऑफिसातल्या पेटीत टाकायची शेवटची तारीख ३० एप्रिल. हिने तो भरून, सही करून, १८ तारखेला माझ्या हातात दिला होता, कारण उद्यान माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. फॉर्मच्या मागच्या बाजूला मी कुणाच्या तरी कुंपणाच्या मोजणीचं गणित केलेलं दिसतं. गणित बरोबर आहे.

मधल्या काळात हिने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी टाकला म्हणालो. ह्याला खोटं म्हणता येणार नाही. त्या वेळी मी तो टाकणारच होतो, फक्त सांगणं आधी झालं आणि टाकणं मागे राहिलं.

संकल्प: आज घरी गेल्या गेल्या हिला स्वच्छ सांगून टाकायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.१०

सांगितलं नाही. ही स्वयंपाकघरात प्रॅक्टिस करत होती. कोरसमध्ये ऐंशी माणसं आहेत, त्यातल्या तिघांनाच एकट्याने म्हणायला ओळी मिळाल्यात. हिला चार. दिवसभर दवाखान्याच्या रिसेप्शनवर पेशंटचे नंबर पुकारून हिचा आवाज बसतो, आणि घरी आल्यावर गॅसपाशी उभी राहून ही त्याच चार ओळी चाळीसदा म्हणते. अशा वेळी मधे फॉर्मचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. कलेची काही बूज असते.

३ मे, बुधवार

उद्यानाच्या ऑफिसात गेलो. क्लार्क सभ्य होता. यादी बंद झाली, नकाशावर नावं पडली, आता काही होणार नाही, असं म्हणाला. मी वाद घातला नाही, कारण त्याचं बरोबर होतं. मुदत संपल्यावर आलेल्या माणसाला मीही माझ्या खिडकीतून हेच सांगतो, तेही इतक्या गोड आवाजात नाही.

मागे लॉन मोकळं आहे म्हणाला. जो आधी येईल त्याने सतरंजी टाकावी.

हिला आज सांगणार होतो. पण आधी पर्याय हातात असावा आणि मग चूक कबूल करावी, ही जबाबदार माणसाची पद्धत आहे.

५ मे, शुक्रवार

सासरेबुवांचा फोन. ऑफिसच्या नंबरवर, म्हणजे हिला कळू नये म्हणून.

सासरेबुवा म्हणजे छापखान्यातले निवृत्त फोरमन. बोलणं मोजकं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आमचं एकूण संभाषण एका पोस्टकार्डावर मावेल. आज मात्र पाच मिनिटं बोलले. कॉन्सर्टला येतोय म्हणाले. मग म्हणाले, जावईबापू, एक काम आहे, मला अशा जागी बसवा की तिला मी दिसेन.

मग कारण सांगितलं. ही नववीत असताना शाळेच्या स्टेडियमवर गाणार होती. त्यांना काम होतं. येणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं. तरी पोरगी गाणं संपेपर्यंत पहिल्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघत गायली, असं हिच्या आईने त्यांना नंतर सांगितलं. आई आता नाही. ही कधी त्याबद्दल बोलली नाही. पण त्यानंतर गायलीही नाही, थेट गेल्या वर्षीपर्यंत.

हे सगळं तिला सांगू नका, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

म्हणजे आता माझ्याकडे दोन गुपितं झाली. पहिल्याचं ओझं होतंच. वर हे.  दुपारचा डबा तरी संपवला.

६ मे, शनिवार

शांतपणे विचार केला. राखीव खुर्च्यांबद्दल लोकांत उगाच एक भ्रम आहे. पुढे बसलं की मान वर करून बघावं लागतं, स्पीकर कानाशी. लॉनवर मोकळी हवा. पाय पसरता येतात. आवाज तिथे पोचेपर्यंत नीट मिसळलेला असतो. जाणकार लोक लॉनवरच बसतात.

जेवताना हे सहज बोलून दाखवलं. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही जाणकार कधीपासून. ती फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला प्रत्येक गोष्टीत दुखणं दिसतं. आजोबांचे दोन्ही गुडघे गेलेत, त्यांना जमिनीवर बसवलं तर उठवायला क्रेन लागेल, असंही म्हणाली.

हिने विचारलं, पण खुर्च्या आहेत ना आपल्याला? मी म्हणालो, खुर्च्यांची काळजी तू करू नकोस. हे वाक्य मी पुन्हा तपासलं. त्यात चुकीचं काही नाही.

संकल्प: सोमवारी सांगायचं. रविवार कशाला खराब करा.

१० मे, बुधवार

सोमवार ऑफिसात कामात गेला. मंगळवारी हिचं डोकं दुखत होतं.

आज लॉनच्या नियमांचं पत्रक आणलं. एका कुटुंबाला दोन मीटर बाय दोन मीटरची एक सतरंजी. छत्री नाही. खुर्ची चालेल, पण बैठक जमिनीपासून वीस सेंटीमीटरपेक्षा उंच नको. खुंट्या ठोकून, दोऱ्या बांधून जागा अडवू नये.

शेवटचा नियम सर्वसामान्य जनतेसाठी आहे. आडदांड लोक कुठेही खुंट्या ठोकतात, कशाही ठोकतात. तज्ज्ञ माणसाने मोजून ठोकलेली खुंटी ही वेगळी गोष्ट.

बाकी लोक संध्याकाळी चार वाजता गेट उघडल्यावर सतरंज्या घेऊन धावणार. हौशी मंडळी. मी जमिनीचा माणूस आहे. ज्या चुकीने खुर्ची गेली, ती चूक मी अशी भरून काढणार की हिलाच वाटावं, खुर्ची गेली ते बरं झालं. मग सांगायलाही सोपं जाईल. कदाचित सांगावंही लागणार नाही. पण सांगणार आहेच.

१३ मे, शनिवार

सुट्टीच्या दिवशी ऑफिसचं लेव्हल यंत्र तपासणीसाठी घरी आणलं होतं. तपासणी उद्यानात केली.

सकाळी साडेसहा ते नऊ. तिपाई लावली, लॉनवर बेचाळीस ठिकाणी उंची घेतली. निष्कर्ष थक्क करणारे आहेत. लॉन वरवर सपाट दिसतं, पण स्टेज येणार त्या जागेपासून बरोबर एक्केचाळीस मीटरवर, मधोमध, एक उंचवटा आहे. तिथे बसलेल्या माणसाचं डोकं पुढच्या सगळ्या डोक्यांच्या वर साठ सेंटीमीटर येतं. स्टेजवर उभ्या माणसाची नजर सरळ तिथेच जाते. शिवाय गणित मांडलं तर संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्य पाण्याच्या टाकीमागे जातो आणि त्या जागेवर सावली पडते. मी त्या जागेला बिंदू क असं नाव दिलं. अ आणि ब रद्द केले.

सासरेबुवा बिंदू क वर बसले की काम फत्ते. गेल्या दहा दिवसांत आज पहिल्यांदा दोन घास नीट गेले.

कुत्र्याला फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, इथून रस्ता जाणार का. मी म्हणालो, आत्ता काही सांगता येत नाही. उगाच नसत्या चौकशा.

१४ मे, रविवार

बुटकी खुर्ची आणली. बैठक अठरा सेंटीमीटर, नियमात बसते. हॉलमध्ये चाचणी घेतली. बसलो. बसणं उत्तम. गुडघे छातीपाशी येतात, पण पाठीला आधार छान.

उठण्याच्या बाबतीत थोडी अडचण आली. आधी डावीकडून प्रयत्न केला, मग उजवीकडून, मग खुर्चीसकट पुढे आलो. कन्येने काखेत हात घालून उभं केलं. आजोबांना ह्यात बसवणार असाल तर मी आत्ताच सांगते, असं म्हणून तिने जे सांगितलं ते मराठीत नव्हतं, हाडांची नावं होती.

हिने विचारलं, ही खुर्ची कशाला. मी म्हणालो, पिकनिकला. हिने विचारलं, कुठली पिकनिक. मी फिरायला गेलो.

संकल्प: रोज सकाळी वीस उठाबशा. त्या दिवशी सासरेबुवांना उचलण्यासाठी मांड्यांत ताकद हवी.

१५ मे, सोमवार

उठाबशा आठ. उद्या उरलेल्या बारा आणि उद्याच्या वीस.

१७ मे, बुधवार

उठता-बसता येत नाही. हिने शेक दिला. शेक देताना गुणगुणत होती. चार ओळींतली तिसरी हिला अवघड जाते, वरचा सूर कधी लागतो, कधी नाही. म्हणाली, भीती वाटते हो. समोर ओळखीचं कुणी दिसलं की लागतो. म्हणून बरं झालं तुम्ही फॉर्म वेळेत टाकलात.

मी तोंड उशीत घातलं. दुखतंय का, असं हिने विचारलं. मी हो म्हणालो. हे अगदी खरं होतं.

ऑफिसात दुसरीच भानगड. उद्यानाजवळच्या एकशे अठरा रहिवाशांचा सह्यांचा अर्ज आलाय. उद्यानातून रस्ता काढण्यासाठी आपल्या खात्याने गुपचूप मोजणी केली, त्याचा तीव्र निषेध. साहेब भडकले. कोण गेलं होतं विचारलं. कुणी काही बोललं नाही. मीही त्या कुणीत होतो. मग साहेबांनी उत्तराचा मसुदा करायचं काम माझ्याकडे दिलं, कारण माझी भाषा चांगली आहे. मी लिहिलं: या कार्यालयाकडून सदर जागेची कोणतीही मोजणी करण्यात आलेली नाही. साहेबांना आवडलं. एक शब्दही बदलला नाही.

एका फॉर्मपायी एकशे अठरा लोकांची झोप उडवली. हे मनाला लागलं. त्यांची काही चूक नाही. पण आता बिंदू क सोडला तर त्यांचा त्रासही फुकट जाईल.

२१ मे, रविवार

आज सांगणारच होतो. ही समोर बसली होती, टीव्ही बंद होता, कन्या बाहेर. मी म्हणालो, तुला एक सांगायचंय. ही म्हणाली, मलाही. मी म्हणालो, तू आधी. हिने सांगितलं की बाबा येतायत हे तिला मनातून इतकं बरं वाटतंय, पण त्यांना मी हे सांगू नये. मग विचारलं, तुम्ही काय म्हणत होता.

मी म्हणालो, बाथरूमचा नळ गळतोय.

बापलेकी दोघंही मला सांगतात आणि दोघंही दुसऱ्याला सांगू नका म्हणतात. माझ्यावर लोक इतका विश्वास का टाकतात कळत नाही.

नळ दुरुस्त केला. खरं तर गळत नव्हता, आता गळतो.

२५ मे, गुरुवार

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उद्यानात गेलो. लॉनवर अजून कुणी नव्हतं, स्टेजचे लोखंडी खांब नुसते आणून टाकले होते. बिंदू क वर चार खुंट्या ठोकल्या. खात्याच्या, लाल डोक्याच्या. तीन मीटर बाय तीन मीटर. नियमात दोन आहे, पण सासरेबुवांचे पाय, माझ्या मांड्या आणि कन्येचा स्वभाव धरता दोन पुरणार नाही. कर्ण मोजून पाहिले, काटकोन अचूक. वर लाल रिबन बांधली, म्हणजे कुणी अनवधानाने बसायला नको.

लोक अधिकृत खुंटीला हात लावत नाहीत. हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. शेजाऱ्याच्या भिंती पाडतील, पण सरकारी खुंटी उपटणार नाहीत.

जीव भांड्यात पडला. घरी जाताना शीळ वाजवत गेलो. तिसरी ओळ मलाही येते आता.

२६ मे, शुक्रवार

सासरेबुवा आले. पांढरा शर्ट, नवा, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. केस कापून आले होते. हिने दारात विचारलं, बाबा, प्रवास कसा झाला. ते बरा म्हणाले.  ही पाणी आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, रांग कितवी. मी म्हणालो, रांगेच्या हिशोबाने बघू नका, जागा अशी आहे की नजरेला नजर भिडेल. त्यांनी माझा हात दाबला. त्यांचा हात छापखान्यातला आहे, टाइप उचलून उचलून बोटं टणक झालेली. मला त्या वेळी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण उद्या बिंदू क पाहिल्यावर सांगणं जास्त परिणामकारक होईल.

२७ मे, शनिवार, सकाळी ८

आजचं वेळापत्रक.

३.३० ही कोरसबरोबर पुढे जाईल.
३.४० आम्ही तिघं निघणार.
४.०० गेट उघडणार. धावायचं नाही. धावतात ते ज्यांनी खुंट्या ठोकल्या नाहीत.
४.१० बिंदू क. सतरंजी, बुटकी खुर्ची, फ्लास्क.
५.३० कॉन्सर्ट सुरू.
६.०५ सावली.
६.१० साधारण हिच्या चार ओळी.
६.१५ सगळं गोड.
७.३० घरी जाताना हिला फॉर्मचं हसत हसत सांगणे.

२७ मे, संध्याकाळी ४.२५, लॉनवर

बिंदू क वर साउंडवाल्यांचं मचाण आहे.

पुरुषभर उंच, लाकडी फळ्यांचं, वर छप्पर, आत टेबल, मशिनं, तीन माणसं. तीन मीटर बाय तीन मीटर. चारही पाय माझ्या चार खुंट्यांवर.

मांडववाला तिथेच उभा होता. मी विचारलं, हे इथे कुणी सांगितलं. तो म्हणाला, साउंडचं मचाण लॉनच्या मधोमध टाका, खुणा जागेवर मिळतील असं ठरलं होतं. काल सकाळी येऊन बघतो तर सरकारी खुंट्या तयार. म्हणाला, साहेब, वीस वर्षं मांडव घालतोय, पण असं मार्किंग बघितलं नाही. काटकोनात. पायाखाली एक फळकुट घालावं लागलं नाही. ज्याने केलं त्याला एकदा भेटायचंय.

बावीस वर्षांत माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी म्हणालो, असेल कुणीतरी.

४.५०

नवी जागा मिळाली. मचाणाच्या मागे स्टेज अजिबात दिसत नाही. डावीकडे सगळ्या सतरंज्या भरल्या. आम्ही उजवीकडे, पार टोकाला, फिरत्या संडासांच्या रांगेपासून थोडं अलीकडे. स्टेजपासून अंदाजे नव्वद मीटर. टेप आणली नाही.

कन्या एक शब्द बोलत नाहीये. ती बोलते तेव्हा बरं असतं.

सासरेबुवांना बुटक्या खुर्चीत बसवलं. मी डावीकडून, कन्येने उजवीकडून. पांढऱ्या शर्टाची पाठीवरची घडी तशीच होती. गुडघे हनुवटीला लागले. तिथून त्यांनी समोर बघितलं. समोर एका जाड बाईंची पाठ. त्यांनी विचारलं, ती कुठून येणार. मी बोटाने दाखवलं. बोटाच्या दिशेला मचाणाचा खांब होता.

त्यांनी काही विचारलं नाही. तेच वाईट. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो.

२८ मे, रविवार, सकाळी ९

कालचं लिहायला हवं.

कोरस सुरू झाला. आवाज छान येत होता, स्पीकर लॉनवरही होते. सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्य टाकीमागे गेला. सावली मचाणावर पडली. साउंडवाल्यांनी गॉगल काढले.

तिसरं गाणं लागलं तेव्हा सासरेबुवा उठायला लागले. तिला दिसायला हवं म्हणाले. मी आणि कन्येने काखेत हात घातले. माझ्या मांड्या आठ उठाबशांच्या होत्या, पण लागला जोर. उभे राहिले. मागून लोक ओरडले, ओ आजोबा, खाली बसा. एका बाईंनी माझ्या पायाला छत्री टोचली. छत्रीला परवानगी नव्हती, पण ती वेळ नियम सांगायची नव्हती.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानात सगळं सांगून टाकलं. खुर्च्या होत्या. पुढच्या पाच रांगांत. फॉर्म माझ्याकडे होता, मी टाकलाच नाही. तिला अजून माहीत नाही. चूक माझी आहे.

पंचवीस दिवस जे जमलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात झालं.

ते म्हणाले, गप्प बसा, ती गातेय.

ती गात होती. एकोणऐंशी माणसं थांबली होती आणि हिचा एकटीचा आवाज येत होता. एवढ्या लांबून स्टेजवर नुसते रंगाचे ठिपके दिसत होते, त्यातला हिचा कुठला हे मला कळलं नाही. सासरेबुवांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा सरळ वर केला. चारही ओळी होईपर्यंत वर धरला. तिसऱ्या ओळीला खांद्यावरची पकड घट्ट झाली. सूर लागला. स्वच्छ लागला. हिने स्वयंपाकघरात असा कधीच लावला नव्हता.

मागच्या बाईंनीही छत्री खाली घेतली.

कॉन्सर्ट संपल्यावर आम्ही स्टेजमागे गेलो. मी मनाशी ठरवलं होतं, आता लगेच, सगळ्यांसमोर. ही धावतच आली. मी तोंड उघडलं. पण ही माझ्याकडे आलीच नाही, सरळ वडिलांकडे गेली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

म्हणाली, बाबा, तुम्ही दिसलात. तिसऱ्या रांगेत, कडेला. लाइटमुळे आम्हाला चष्मे काढायला लावले होते, सगळं अंधुक होतं, पण पांढरा शर्ट दिसला, पांढरे केस दिसले. माझ्याकडेच बघत होतात. तिसरी ओळ तुमच्याकडे बघून म्हटली, नाहीतर लागली नसती.

कन्येने माझ्याकडे बघितलं. मी सासरेबुवांकडे. ते थोडा वेळ हिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, हो. समोरच होतो.

ही रडली. चोवीस वर्षांत मी हिला असं रडताना बघितलं नव्हतं.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो. प्रकरण निकाली. आता सांगण्याचा प्रश्नच उरला नाही, उलट सांगणंच चूक. घरी येताना मी मनातल्या मनात त्या फाइलवर शिक्कासुद्धा मारला.

आज चहा देताना ही म्हणाली, खुर्च्यांचं तेवढं काम तुम्ही अगदी वेळेवर केलंत हो. त्यामुळे हे सगळं झालं. मी म्हणालो, त्यात काय विशेष.

चहा गेला नाही.

त्याच दिवशी, दुपारी १.४०, बसस्टँडवरून आल्यावर

सासरेबुवांना सोडून आलो. ही येणार होती, पण त्यांनी नको म्हटलं, घसा बसलाय, घरी थांब.

बाकावर बसलो. बस यायला वीस मिनिटं होती. मी म्हणालो, बाबा, काल तुम्ही मला वाचवलंत. त्यांनी मान हलवली, पण हो अशी नाही. म्हणाले, तुमच्यासाठी नाही केलं. मग म्हणाले, शाळेत होती तेव्हा मी गेलो नव्हतो, पण येणार नाही म्हणून सांगितलं तरी होतं. तिला खोटं कधी बोललो नव्हतो. काल बोललो.

 मी त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. ती आधीच त्यांच्याकडे होती.

मग त्यांनी विचारलं, तिसऱ्या रांगेत कडेला तो कोण बसला होता, काही कल्पना आहे का. मी म्हणालो, नाही. ती खुर्ची कुणाच्या फॉर्मवर असेल, ते बघता येईल का, असं विचारलं. मी म्हणालो, बघतो. बघता येत नाही हे मला माहीत आहे, त्यांनाही असावं.

बस लागली. पायरी उंच होती. मी हात दिला, तो त्यांनी घेतला, आत जाऊन खिडकीशी बसले. ड्रायव्हरने बस चालू केली तेव्हा काच सरकवून त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, तो जो कोण होता, त्याने तिचं नीट ऐकलं ना?

काल मी जिथे होतो तिथून मला फक्त मचाणाचा खांब दिसत होता.

मी म्हणालो, हो बाबा. अगदी शेवटपर्यंत.